उंदीरमाणूस झालो तो रविवार

पोरीनं मला उंदीर व्हायला सांगितलं, तेव्हा मी सोयाबीन भरलेल्या कट्ट्यांमागं पिंजरा लावत होतो. आकड्याला टोचायचा भज्याचा तुकडा हातातच होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, दुपारी मोकळे हाय का? एक खेळ हाय. त्यात तुमाले उंदीर व्हा लागते."

मी पिंजऱ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. म्हटलं, "कायले?"

"म्हणजे उंदीर नाही. उंदीरमाणूस."

त्यानं माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

उंदरांशी माझं जन्माचं वैर आहे. भाव वाढेल म्हणून समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवावा, तर हे त्यात बाळंतपणं करतात. माझा लग्नातला कोट त्यांनी खाल्ला. बरं, औषध आणायचं तर तेही उघड बोलून चालत नाही. आमच्या घरी त्याचं नाव काढत नाहीत, कारण उंदीर ऐकतात आणि मग डूख धरून कपडे कुरतडतात. नेरच्या दुकानातसुद्धा मी नुसतं "ते द्या" म्हणतो आणि दुकानदार गुपचूप कागदात गुंडाळून देतो. या बाबतीत माझी बायको फार कडक होती. "हळू बोला, मामा ऐकते," म्हणायची. आणि हीच बाई कळंबच्या गणपतीला गेली की दगडी उंदराच्या एका कानाला तोंड लावायची, दुसऱ्या कानावर तळवा दाबायची, म्हणजे आत गेलेलं बाहेर पडू नये. काय सांगितलं म्हणून मी येताना बसमध्ये विचारायचो, तर ही खिडकीबाहेर पाहायची. "सांगितलं की मोडते," एवढंच बोलायची. शेवटपर्यंत एक अक्षर कळू दिलं नाही.

ती गेली तेव्हा पोरगी पुण्याहून आली ती राहिलीच. घरूनच कामं करायची, लॅपटॉपवर. आता तिच्या ऑफिसनं सगळ्यांना महिन्याच्या आत परत बोलावलं होतं, नाही तर नोकरी सोडा म्हणे. मी विचारलं, "माय, जातं का राहातं?" ती म्हणाली, "तुमी म्हणान तसं." मला ती राहायला पाहिजे होती, पण तसं तोंडानं म्हणवत नव्हतं. आणि तिला काय पाहिजे ते काही कळत नव्हतं. भाकरी थापताना बघावं तर वाटायचं रमली, संध्याकाळी अंगणात फोन घेऊन उभी दिसली की वाटायचं नाही रमली. महिना संपत आला होता आणि मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो.

म्हणून म्हटलं, होऊ उंदीर. निदान दुपारभर शेजारी तरी बसेल.

खेळ म्हणजे काय, ते मला अजूनही नीट सांगता यायचं नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. लॅपटॉपवर तिचे तीन दोस्त दिसत होते, दोन पोरं आणि एक पोरगी. आमची पोरगी गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतले कोणी कोणी होतात. जमलं की नाही ते फासे ठरवतात, आणि ते फासेही नुसते बाजूच बाजू असलेले, कुठला आकडा वर आला तेच दिसत नाही. हे उंदीरलोक तिनं स्वतः रचले होते. कमरेएवढे उंच, दोन पायांवर चालणारे, जमिनीखाली त्यांची गावं. दात वाढतच राहतात म्हणून बोलता बोलता काहीतरी कुरतडत राहायचं. कान असे की भिंतीपलीकडचं ऐकू येतं. दोस्त म्हणाले होते, उंदीरलोक काय, चोरच असणार, त्यांच्यात नवीन काय आहे? म्हणून तिला कोणाकडून तरी खेळवून पाहायचं होतं.

"हे लोक चोर नाहीत," तिनं मला बजावलं.

"मंग उंदीर कसले?"

"बाबा, खेळून तं पाहा."

मग ती म्हणाली, तुम्ही एका किल्ल्याच्या तळघरात आहात, तुम्ही काय करता? मी म्हटलं, मी काय करू? ती म्हणाली, वाटेल ते करा. मी म्हटलं, जेवतो. फासा टाकायला लावला, तर मला धान्याचं कोठार सापडलं. लॅपटॉपमधले तिघं फार हसले. माझ्या मनात आलं, कोठार कोणाचं, त्या बिचाऱ्यानं पिंजरा लावला असेल का. मी नक्की कोणाच्या बाजूनं आहे तेच समजेना.

पुढं गोष्टीत एक म्हातारी राणी कोठडीत कैद होती. बाहेर निघायची वाट फक्त तिला माहीत, आणि तिच्यापर्यंत मोरीतून फक्त उंदीरच जाऊ शकत होता. म्हणजे मी. गेलो. राणीचं बोलणं दोस्तांना ऐकू जायला नको म्हणून पोरगी माझ्या कानाशी वाकली आणि वाट कुठं आहे ते सांगितलं. सांगताना तिचा तळवा माझ्या दुसऱ्या कानावर आला. तिनं ते मुद्दाम केलं, की आईचं पाहून पाहून हात आपोआप गेला, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

मी परत आलो. दोस्त म्हणाले, "काका, काय म्हणाली राणी?"

"ते सांगता येत नाही."

त्यांना वाटलं मी विसरलो. सैनिक येऊन राहिले होते, सगळे मरणार होते. एका पोरानं दोन-तीनदा समजावलं की काका, आपण एकाच टोळीत आहोत. पोरगीही वैतागली. "बाबा, त्यायले सांगासाठीच तं तुमाले पाठवलं."

"असन. पण तुनं दुसरा कान झाकून सांगितलं. आता सांगितलं की मोडते."

तिनं हातातला फासा खाली ठेवला. मला वाटलं, खेळ नासवला मी. तेवढ्यात लॅपटॉपमधली पोरगी म्हणाली, "काकांनी सांगू नये. काका नुसते चालतील, आम्ही त्यांच्या मागं जाऊ." मी म्हटलं, चालायला काही हरकत नाही. चाललो. तिघं मागून आले आणि वाचले. त्या पोरांना ते इतकं आवडलं की म्हणाले, हे लोक असेच ठेव. पोरीनं लगेच नियम करून टाकला, की कानात सांगितलेलं उंदीरलोक कोणाला म्हणजे कोणाला सांगत नाहीत. मी म्हटलं, "आणि उत्तर बी देत नाहीत. कळंबचा दगडाचा कधी बोलला का?" तिनं तेही घातलं.

दोस्त गेले. लॅपटॉप बंद झाला. मी पिंजरा पाहायला उठत होतो, तर ती म्हणाली, "थांबा. अजून थोडा वेळ उंदीरच राहा."

मी बसलो. तिनं माझा डावा कान झाकला आणि उजव्या कानात बोलली. "मामा, मले पुण्याले वापस जायचं हाय. इथं माहा जीव गुदमरते. पण बाबा एकटे पडतीन. त्यायले सांगू नको."

जन्मभर मला अहो-जाहो करणारी पोर मला तू म्हणत होती, आणि मला वाईट वाटायचं की नाही तेच कळेना. आतून भडभडून आलं. राग आला तिचा, मग माझा, मग त्या खेळाचा. बोलायचं खूप होतं. पण उंदीर उत्तर देत नाही, हे मीच घालायला लावलं होतं. आणि बाबाला तर काही माहीतच नव्हतं, तो कशाच्या जोरावर रागावणार? मी उठून ढोरांना पाणी पाजायला गेलो. पाजून झालेलं होतं, तरी गेलो.

सकाळी माळ्यावरून तिची मोठी बॅग काढली. झटकून अंगणात बाजेवर उन्हात ठेवली. ती चहा घेऊन आली आणि तिथंच थांबली.

"हे काहून काढलं, बाबा?"

"उंदीर लागले का पाहून राह्यलो. चेन बराबर हाय. चाकं बी फिरतात."

ती माझ्याकडं पाहत म्हणाली, "तुमाले कोणी काही सांगितलं का?"

"मले कोण सांगते?"

तिचे डोळे भरले. तिनं चहा माझ्या हातात दिला, आत गेली, आणि घडी केलेले कपडे आणून एक एक करून बॅगेत ठेवू लागली. मला तिथं उभं राहवेना. कट्ट्यांमागं गेलो तर पिंजऱ्यात एक सापडला होता, चांगला मोठा. एरवी मी पिंजरा सरळ पाण्याच्या टाक्यात बुडवतो. त्या दिवशी तो उचलून शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत नेला. इकडं तिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. जाळीला तोंड लावून त्याला म्हटलं, "मामा, तिनं जाऊ नये असं मले लय वाटते."

दुसरा कान झाकता आला नाही, चावला असता. दार उघडलं तसा तो तुरीत पळाला.