सर्जेरावांनी जमवलेली तपासणी

आमचे मेहुणे सर्जेराव पाचोडचे. पाचोडच्या आठवडी बाजारात कांद्याचे, शेळ्यांचे भाव ठरतात आणि त्याच बाजाराच्या कडेला चहाच्या हॉटेलात बसून सर्जेराव नवरा-नवरीचं ठरवतात. सोयरिक जमवणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. पैसे घेत नाहीत, मान घेतात. मान कमी पडला की जेवायचे राहतात, आणि मग त्यांना जेवायला बसवणं हे एक वेगळंच लग्न होऊन बसतं.

माणसात दोष असतो ही गोष्टच या थोर गृहस्थाला मान्य नाही. अडखळत बोलणारा मुलगा त्यांच्या तोंडून 'मोजकं बोलणारा' होऊन बाहेर पडतो. कमी ऐकू येणारी मुलगी 'सासूला उलटून बोलायची नाही' अशी होते. एक नवरदेव दिवसभर झोपायचा, त्याला त्यांनी 'लई शांत स्वभाव' म्हणून खपवला. पुढं त्याचा सासरा दर बाजारी सर्जेरावांना हुडकत फिरायचा. त्याच दिवसांत सर्जेरावांना वेरूळच्या घृष्णेश्वराची ओढ लागली आणि ते वरचेवर दर्शनाला जाऊ लागले. भक्ती अशीच वाढते.

तर अशा गुणी माणसाच्या हाती आमच्या घरानं नातीची मानसिक तपासणी सोपवली. यावरून आमच्याही डोक्याची तपासणी करायला कुणाची हरकत नसावी.

आमची नात श्रेया तिसरीत. तोंडी गोष्ट सांगायला लागली तर मलासुद्धा मागं टाकते, आणि मला मागं टाकणं किती अवघड आहे ते मुकुंदवाडीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. मी येताना दिसलो की ते आधी शटर ओढतात. पण पुस्तक समोर आलं की पोरगी मुकी. अक्षरं तिला ओळखच देत नाहीत. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्या सुनेला, सायलीला बोलावून सांगितलं, "मुलांच्या मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून अहवाल आणा. दिवाळीच्या आत आणलात तर वर्गात काय मदत करता येईल ते बघू. नाहीतर दाखला घेऊन जा, आमच्याकडे तिचं कठीण आहे."

ज्याला येतं त्यालाच शिकवायचं, ही नवी पद्धत मला फार आवडली. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी बिचारे न येणाऱ्याला शिकवायचे. मागासलेला काळ! मानसिक तपासणी तेव्हाही व्हायची म्हणा. गुरुजी कान पिळायचे, अहवाल लगेच कानावर लाल उमटायचा.

घरात रडारड झाली. आमच्या सौभाग्यवती भागूबाईंनी पाचोडला भावाला फोन लावला, "दादा, पोरीला येडं ठरवायला निघालेत रे!" दुपारच्या एसटीनं दादा हजर.

"ताई, त्यात काय एवढं? ते बघणार, आपण दाखवायचं. जल्मभर तेच करतोय की मी."

आणि दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कुणी काय विचारलं की काय सांगायचं, ते सर्जेरावांनी घरातल्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं. श्रेयाकडून पुस्तकातला आंब्याचा धडा पाठ करून घेतला. तोही नुसता नाही, ओळीवर बोट फिरवत. शेवटी तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाय माझी, कायबी इचारलं तर येत नाय असं म्हणायचंच नाय. म्हणलीस की पसंत करत नसत्यात."

माझा मुलगा विश्वजीत वाळूजच्या कंपनीत यंत्रं तपासतो. तो एकदाच म्हणाला, "मामा, आजारी माणूस डॉक्टरकडं जाताना पावडर लावून जातो का?" त्यावर सर्जेराव म्हणाले, "तू जावईबापू असतास तर उत्तर दिलं असतं, भाच्याला काय देऊ!"

तपासणी करणाऱ्या ताहेरा मॅडम. जालना रोडला त्यांचा दवाखाना. दवाखाना म्हणजे सुई नाही, बाटली नाही. ठोकळे, चित्रं आणि बुटक्या खुर्च्या. आम्ही सगळं घर गेलो. सर्जेराव फेटा बांधून, पेढ्याचा पुडा घेऊन. मॅडमनी आधी मोठ्यांना बसवलं आणि सायलीला प्रश्न विचारले. उत्तरं अर्थात सर्जेरावांनी दिली.

"बोलायला कधी लागली?"

"येळेच्या आधीच."

"झोप?"

"देवावानी."

"शाळेत जायला आवडतं?"

"रविवारी रडती. शाळा नाय म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सर्जेरावांकडं बघितलं. मग श्रेयाला एकटीला आत नेलं. आम्ही बाहेर. सर्जेराव माझ्या कानात म्हणाले, "दाजी, जमलं समजा. बाईच्या तोंडावर पसंती दिसली मला."

बऱ्याच वेळानं मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. श्रेया ठोकळ्यांपाशी बसली होती.

"काका," मॅडम सर्जेरावांना म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेली मुलगी एक आहे आणि मी बघितलेली दुसरी. अहवाल कोणत्या मुलीचा लिहू? मी वाघाची गोष्ट वाचायला दिली. तिनं बोट फिरवत आंब्याचा धडा म्हणून दाखवला. न अडखळता."

सर्जेरावांचा फेटा जरा पुढं आला.

"हे बघा, इथं पास-नापास नसतं. मूल कसं शिकतं, कुठं अडतं, ते शोधायचं असतं. घरचं खरं कळलं नाही तर अहवाल खोटा होईल. उद्या मी लिहिलं, सगळं छान आहे. शाळा काय म्हणेल? छान असून वाचत नाही म्हणजे आळशी आहे. मदत मिळणार नाही, दाखला मात्र मिळेल."

तेवढ्यात श्रेया उठली आणि सर्जेरावांच्या धोतराला धरून म्हणाली, "मामाआजोबा, मी एकदापण येत नाय म्हणले नाय. केलं का मला पसंत?"

 सर्जेरावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. खाकरले.

"मॅडम, पोरगी उशिरा बोलली. म्हंजे… मोजकं…" ते थांबले. स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "नाय. उशिराच. लई उशिरा. बोलावी म्हणून पोपटाचा उष्टा पेरू चारला आमी तिला. शाळेचं नाव काढलं की रोज पोटात दुखतं तिच्या. फळ्यावरचं उतरवून घेता येत नाय. आन् धडा मीच पाठ करून घेतला."

एकदा बांध फुटल्यावर काय! सायली डोळे पुसत बोलली, विश्वजीत बोलला, भागूबाई बोलल्या. खोटं सांगायला सगळ्यांना घोकावं लागलं होतं, खरं आपोआप येत होतं. मीही विश्वजीतच्या लहानपणापासून सुरुवात केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुमच्यासाठी वेगळी वेळ ठेवू."

मॅडमनी तिचे डोळे, कान तपासून आणायला लावले आणि निराळ्या दिवशी निराळं साहित्य घेऊन पुन्हा बसवलं. या खेपेला पोरीला कुणी काही शिकवलं नाही. अहवाल आला: बुद्धी वयाच्या पुढं, समज उत्तम, वाचन-लेखनाची अडचण आहे. प्रश्न वाचून दाखवावेत, तोंडी उत्तर घ्यावं, जास्त वेळ द्यावा, अक्षरांसाठी वेगळ्या शिक्षिकेकडं पाठवावं. विश्वजीत शेवटचं पान उलटून मार्क कुठं दिलेत ते शोधत बसला.

दिवाळीच्या आधी सायली अहवाल घेऊन शाळेत गेली, सर्जेराव सोबत. मोठ्या बाई चष्मा लावून म्हणाल्या, "म्हणजे मुलीत प्रॉब्लेम आहेच."

"हाय," सर्जेराव म्हणाले. "वाचताना अडती. लिवून दिलंय तसं. पण बाई, खालचं बी वाचा की. तुमी काय करायचं, ते बी लिवलंय."

जन्मात दुसऱ्यांदा त्यांनी उणं कबूल केलं आणि तिथंच ताठ बसून राहिले. बाईंना खालचं वाचावंच लागलं.

दाखला निघाला नाही. आता चाचणीला वर्गशिक्षिका प्रश्न वाचतात आणि श्रेया उत्तर सांगते. एका प्रश्नाच्या उत्तरात ती शेजारच्या कडुबाच्या शेळीपासून आमच्या गावच्या विहिरीपर्यंत जाऊन येते. परवा वर्गशिक्षिका सायलीला म्हणाल्या, "मुलीला जास्त वेळ द्या असं अहवालात आहे, ठीक. पण मला कोण देणार?"