चांदीच्या वाट्यावरची खूण

मी माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा करते. 'करत होते' असं लिहायला हवं, कारण आता दोघींचेही दात पडले. पण खोटं कशाला लिहू? परवा ती आली तेव्हा तिच्या डोक्यावरचे काळे केस बघूनसुद्धा माझ्या पोटात दुखलं.

आमचं माहेर वर्धा नदीच्या काठावर, चांद्याच्या बाजूला. समोरचा काठ निजामाचा. आमचा बा मासे धरायचा आणि डोंग्यातून माणसं या काठावरून त्या काठावर सोडायचा. अलीकडे कलदार चालायचा, म्हणजे इंग्रजांचा रुपया, आणि पलीकडे निजामाचा हाली रुपया. पलीकडच्या बाजारात मासळी विकली की हालीच हातात पडायचा. तो आमच्याकडचा दुकानदार घ्यायचा, पण बट्टा कापून. बाला बट्ट्याचा भारी राग. "कष्ट माह्ये अन् कापनार तो काऊन?" असं म्हणून तो हाली पैसा घरी ठेवून द्यायचा. चांदीची नाणी गाडग्यात आणि नोटा बांबूच्या पोंग्यात. नोटेला त्यानं कधी घडी घातली नाही. गुंडाळी करून पोंग्यात सरकवायचा, वरून मेणाचं बूच लावायचा आणि पोंगा आढ्याला खोचायचा.

हे सगळं मला नंतर कळलं, कारण पोंगा भरताना बाजवळ असायची ती धाकटी. डोंग्यात त्याच्याबरोबर ती. जाळं फेकायला शिकली ती. मी थोरली, माझं लग्न लवकर झालं आणि मी सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात शाळामास्तराची बायको होऊन गेले. लिहायवाचायला तिथंच शिकले. लोक म्हणत, थोरलीनं नशीब काढलं. माहेरी आले की बा मला पाट द्यायचा, पाणी द्यायचा, पाहुणीसारखं विचारायचा, "मास्तर बरे हायेत ना?" आणि धाकटीला नुसतं म्हणायचा, "ए, वल्हं आन." त्या वल्ह्यासाठी मी दहा पाट दिले असते.

बा गेला तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. हाली पैसा अजून बदलून मिळत होता, पण आता तो बंद होणार असं जो तो म्हणत होता. आम्हाला भाऊ नाही. तेरवी आटोपल्यावर मायनं गाडगं आणि पोंगा खाली काढला आणि म्हणाली, "तुमचा बा म्हने, गाडगं अन् पोंगा दोनी बरोबरीचे हायेत. मासोळीसारखा वाटा घाला अन् मोकळ्या व्हा."

मासोळीचा वाटा आमच्यात असा घालतात. धरलेल्या मासळीचे ढीग करायचे. जो तो वाटेकरी आपली एक खूण देतो, कुणी काडी, कुणी पान, कुणी खडा. वाट्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात त्या खुणा द्यायच्या. कुणाची कुठली हे त्याला सांगायचं नाही. तो एकेका ढिगावर एकेक खूण टाकतो आणि ज्याची खूण जिथं पडली तो ढीग त्याचा. मग लहान-मोठं म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. वाट्यात खोटेपणा केला तर नदी रुसते आणि जाळं रिकामं येतं, असं आमच्याकडे मानतात. मारामारीत डोकी फोडलेली माणसंसुद्धा वाट्यात खोटं करत नाहीत.

मी केलं.

खुणा टाकायच्या होत्या शेजारच्या काकीनं. आदल्या दिवशी मी चोळीचं एक कापड घेऊन तिच्याकडे गेले आणि सांगितलं, "काकी, हिरव्या बांगडीचा तुकडा माहा. तो चांदीवर टाकजा." काकी माझ्याकडे बघत राहिली. "असं करू नाई व माय," म्हणाली. पण कापड तिनं ठेवून घेतलं.

मला चांदी का हवी होती? चांदी ती चांदी. वाजते, वजनाला भरते. नोटा म्हणजे गेलेल्या राज्याचे कागद. पण खरं कारण तेही नव्हतं. बाची ठेव वाटली जाणार होती, तर निदान एकदा तरी वजनदार वाटा माझ्याकडे यावा, हलका तिच्याकडे जावा, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटीनं जाळ्याला बांधायची मातीची गोळी खूण म्हणून दिली, मी बांगडीचा तुकडा दिला. काकीनं डोळे मिटल्यासारखं केलं आणि बांगडीचा तुकडा गाडग्यावर पडला. मायनं हात जोडले. मीही जोडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. कुणी बघत नव्हतं.

"तुह्या वाट्याले कागद आले व," मी धाकटीला म्हटलं. "चूल पेटवाले कामी येतील."

ती हसली. म्हणाली, "येतील बाई."

धाकटी दर आठवड्याला चांद्याला मासे विकायला जायची. तिथल्या एका वकिलांच्या घरी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्या वकिलांना जुनी नाणी आणि नोटा जमवायचा नाद होता. तिनं सहज एक नोट नेऊन दाखवली, तर ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "सगळं घेऊन ये." हे तिनं येऊन मला सांगितलं. मी अजून माहेरीच होते. सांगण्याची काही गरज नव्हती; मी तर लपवलं असतं. ती म्हणाली, "बाई, तू बी चाल. तुह्या चांदीचं बी इचारू."

नोटेला बघून खुर्चीतून उठतात, तर चांदीला बघून काय करतील? मी त्या दिवशी सगळी नाणी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली आणि राखेनं घासली. रुपये, अधेल्या, पावल्या, दोन आण्याची चिमुकली नाणी. हात काळे झाले, पण नाणी अशी लखलखली की मायसुद्धा बघायला आली. मी धाकटीला मुद्दाम हाक मारून दाखवली.

वकिलांनी आधी तिच्या नोटा पाहिल्या. पाचाच्या, दहाच्या आणि एकच शंभराची. चष्मा कपाळावर घेऊन ते नोट डोळ्यांजवळ न्यायचे, उजेडात धरायचे. "घडी नाही! एकाही नोटेला घडी नाही! कोणी ठेवल्या या?" धाकटी म्हणाली, "माह्या बानं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'आमच्या' म्हणायला काय जीभ झडत होती?

मग त्यांनी माझं गाडगं उपडं केलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, घासली कशाला? सगळं पाणी गेलं यांचं. जुन्या नाण्याचा काळपटपणा हाच त्याचा दागिना. आता ही नुसती चांदी. त्यातून हाली रुपयात कलदारापेक्षा चांदी कमी." मी मास्तराची बायको, चार बुकं वाचलेली, आणि मासे विकणाऱ्या बहिणीसमोर मला असं ऐकावं लागलं.

पण ते पुढं बोलले. नोटा सरकारी खजिन्यात बदलल्या तर त्यांच्यावर छापलेलीच रक्कम, तीही हालीची कलदार करून मिळणार. आपण नोटांना त्याहून जास्त देऊ. पण नोटा आणि नाणी दोन्ही मिळाली, म्हणजे दोन आण्यापासून शंभरापर्यंत एकाच घरातली अख्खी ओळ, तर भाव चांगलाच वाढवून देऊ. नाणी एकटी आणली तर मात्र घेणार नाही. ती सोनाराला द्या. "दोघी ठरवा आणि या," म्हणाले.

परतताना वाटेवर धाकटी म्हणाली, "ठरवाचं काय त्याच्यात? एकत्र इकू अन् अर्धं अर्धं करू."

तिनं हे इतकं सहज म्हटलं की मला संताप आला. तिच्या नोटांच्या अंगानं माझ्या नाण्यांना भाव. ती देणार आणि मी ओटी पसरणार. मी म्हटलं, "मले नको तुही भीक. माहा वाटा मी इकीन कुठी बी."

"भीक कायची बाई?"

"नको म्हनलं ना!"

दुसऱ्याच दिवशी मी नाणी पदरात बांधून आगगाडीनं वरोऱ्याला गेले. चांद्याच्या सोनाराकडे गेले असते तर धाकटीला कळलं असतं. वरोऱ्याचा सोनार बोलका होता, पण हात आखडता. त्यानं एक रुपया फरशीवर आपटून आवाज ऐकला आणि मला काही समजायच्या आत छिन्नी लावून हातोडा हाणला. रुपयाला काठाजवळ खोल चीर पडली. आतली चांदी बघून म्हणाला, "हाली आहे. तोळ्याला एवढेच." त्यानं सांगितलेला भाव ऐकून मला हसू आलं असतं, पण मी त्या चिरीकडे बघत होते. बट्टा नको म्हणून बानं जो पैसा जन्मभर कुणाला मोडू दिला नाही, तो मी इथं छिन्नीखाली आणून ठेवला होता. आणि कशासाठी, तर बहिणीनं अर्धं देऊ नये म्हणून. मी नाणी गोळा केली. सोनार म्हणाला, "बाई, आठ आणे वाढवतो." मी ऐकायला थांबले नाही.

मनात येत होतं, ज्या चांदीसाठी वाट्यात खोटं केलं तिनंच मला तोंडघशी पाडलं. खोटं केलं नसतं तर कदाचित नोटा माझ्याच वाट्याला आल्या असत्या. हा विचार मला सगळ्यात जास्त बोचत होता, आणि तो कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

धाकटीला मी एवढंच म्हटलं, "चाल, एकत्र इकू." तिनं काऊन, कुठी गेली होती, काही विचारलं नाही. चीर पडलेला रुपया बघितला आणि तो बाकीच्यांच्या मधे सरकवून दिला. वकिलांनी तो लगेच ओळखला, "हा बाद," म्हणाले, बाकी ओळ घेतली आणि बोलल्याप्रमाणे भाव दिला. बाहेर येऊन झाडाखाली बसून धाकटीनं पैसे दोन ठिकाणी ठेवले, अगदी सारखे, आणि एक ढीग माझ्याकडे लोटला.

"हे तुहे बाई. बाच्या वाट्यात कमी-जास्त नाई."

मला आनंद व्हायला हवा होता. सोनारानं दिले असते त्याच्या कितीतरी जास्त पैसे समोर होते. पण मला दिसत होती ती फक्त तिची शांत मुद्रा, बाच्या तोंडावर असायची तशी, दोन पैसे गेले तरी न हलणारी. तिला एकदा तरी वाईट वाटावं, माझ्यामुळे वाटावं, एकदा तरी तिच्या तोंडाचा रंग उतरलेला मला दिसावा, असं मला फार वाटलं. म्हणून मी सांगितलं. पश्चात्ताप म्हणून नाही. तिला लागावं म्हणून.

"मोठी आली वाटा घालनारी! तुले काय वाटते, मले चांदी नशिबानं भेटली? मी काकीले चोळीचं कापड दिलं होतं. बांगडीचा तुकडा चांदीवर टाक म्हनून सांगितलं होतं. मी वाट्यात खोटं केलं. आता बोल!"

धाकटी आपले पैसे लुगड्याच्या कोपऱ्यात बांधत होती. गाठ नीट बसली का ते तिनं ओढून बघितलं.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "काकी त्याच सांजेला घाबरत माह्याकडं आली होती. तुही बहीन असं म्हन्ते, काय करू म्हने. मी म्हनलं, तिले लहानपनापासून चांदीचा सोस हाये. टाकून द्या चांदीवर."

मग ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चाल बाई, अंधार पडंन." आणि माझ्यासाठी हात पुढं केला. मला उठायला तो हात धरावा लागला. आयुष्यात मी एकच चोरी केली, आणि तीसुद्धा तिनंच मला दिलेली निघाली.