उज्वलाने बॅनर उतरवला

उज्वलाच्या तोंडी कुणी लागू नये. अंगणवाडीत किडका हरभरा आला, तर तिने अख्खं पोतं साहेबाच्या टेबलावर ओतलं होतं. लोक म्हणतात, बाई भांडखोर. आहेच. मी शेजारी राहते, मला विचारा. आमच्या वाडीला तशीच बाई लागते.

तिची मुलगी प्रियदर्शिनी मुंबईला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. तिथे मेसमध्ये नाव नंतर विचारतात, आधी "प्रवेश परीक्षेत रँक किती?" म्हणजे जात आपोआप कळते. वॉर्डात उत्तर चुकलं की सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "सीट मिळाली, अक्कल कुठून आणणार?" पोरीची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी मैत्रिणीने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, रजेवर घरी पाठवलं आणि उज्वलाला बजावलं, हिला निवांत राहू द्या, एकटं सोडू नका.

निवांत! आमच्या वाडीत! ती आली तशी दारात रांग. भागोजी बाही वर करून बसला, "डॉक्टरीण बाय, बीपी बघ गो जरा." पोर मुकाट्याने बघायची आणि आत जाऊन रडायची. उज्वलाने एकेकाला हाकललं, तर म्हणे लेकीच्या जिवावर हिला माज आला.

मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमतात, तेव्हा आमचं मंडळ शिकणाऱ्या मुलांचा सत्कार करतं. अध्यक्ष राजेंद्र, उज्वलाचा दीर. यंदा पोरीचं नाव नको, असं उज्वलाने त्याला हात जोडून सांगितलं होतं. या शहाण्याने नाक्यावर भलामोठा बॅनर लावला, 'आमची शान डॉ. प्रियदर्शिनी'. परीक्षा व्हायच्या आधीच डॉक्टर! तो बघून पोर बॅग भरायला लागली. "आई, मी परत जाते. इथे कुणाला काय तोंड दाखवू?" हॉस्टेलवर एकटी गेली तर ती जिवाचं काही बरंवाईट करेल, ही उज्वलाची धास्ती.

मला पोरीजवळ बसवून उज्वला कोयता घेऊन निघाली. नाका तिच्या ओटीवरून दिसतो, बोललेलं ऐकूही येतं. तिने दोऱ्या तोडल्या, बॅनर धुळीत पडला. राजेंद्र बोंबलत आला, "वयनी, डोकं फिरलं काय? पोरीचा फोटो पायाखाली घेतलास!"

"फोटो गेला खड्ड्यात! पोरगी आजारी हाय माझी. मनाचा आजार हाय, गोळ्या चालू हायत. डॉक्टर नाय ती, पेशंट हाय. तुमची शान राखायला तिला मरायला धाडू काय?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू दे. त्यांच्यासाठीच ओरडतेय."

ती परत आली तेव्हा प्रियदर्शिनी बॅग धरून पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही आईवर चिडणार. तिने हळूच विचारलं, "मग आई, मी आज नाही गेले तर चालेल?"

उज्वलाने पोरीच्या हातातून बॅग घेतली आणि आत नेऊन रिकामी केली.