ओली कमान

माझे वडील अमरावतीत मुलांना शिकवत. मीही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती. पण अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला, विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली, आणि काळ्या मातीतल्या आमच्या वाटांकडे सरकारचं एकाएकी लक्ष गेलं. अकोल्याकडे पक्की सडक बांधायचं निघालं. मापं घेणारा, लिहितावाचता येणारा माणूस हवा होता. मी उमेदवार, म्हणजे शिकाऊ, म्हणून लागलो.

मला शिकवायला एक म्हातारे मुकादम होते, एलिचपूरचे मुसलमान. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. खडी दाबून झाली की ते सडकेच्या मधोमध घागर ओतायला लावत. पाणी दोन्ही अंगांना सारखं वाहिलं नाही तर तेवढा तुकडा पुन्हा. हे मला लवकर जमलं. माणसांकडून काम करून घेणं जमेना. टोळीसमोर उभा राहिलो की घसा कोरडा पडे, आणि मग मी ओरडत असे.

"ओरडून काय होते?" उस्ताद म्हणत. "काम कावून करायचं, थे सांग त्यायले."

मला वाटे, कारण सांगितलं की वाद वाढेल.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका नाल्यावर आम्ही मोरी, म्हणजे छोटा कमानीचा पूल, बांधत होतो. कमान नुकतीच जुळली होती. चुना ओला होता, म्हणून तिला खालून तोलून धरणारा लाकडी साचा काढला नव्हता. कापसाच्या गाड्या शेजारून पात्रातूनच जात. त्या सकाळी उस्तादांना हुडहुडी भरून ताप आला. गाडीत घालून मूर्तिजापूरला नेताना ते मला एवढंच म्हणाले, "मोरीवर गाडी जाऊ देऊ नोको."

दुपारी नाल्याच्या वरच्या अंगाला आभाळ फुटलं. आमच्याकडे थेंब नव्हता, पण नाला गढूळ होऊन चढत गेला आणि पात्रातली वाट बुडाली. गाड्या थांबल्या. मागून आणखी येत राहिल्या, आणि आभाळ आमच्याकडेही भरून येऊ लागलं. बैलांच्या घंटा, माणसांची बोलणी, सगळा गलका माझ्याकडेच सरकतोय असं वाटत होतं.

एका व्यापाऱ्याचे मुनीम घोड्यावरून पुढे आले. "पूल तर बांधून झाला. कावून थांबवून राहिले आमाले?"

"चुना ओला आहे," मी म्हणालो.

"तुमी उमेदवार ना? सडकेच्या साहेबाले सांगू काय, माल भिजवला म्हणून?"

मी कमानीकडे पाहिलं. कमान कदाचित एवढ्यात पक्कीही झाली असेल, ही शंका मला आतून कुरतडत होती. उस्तादांनी हात लावून सांगितलं असतं. मला सांगता येत नव्हतं. तेवढ्यात पुढच्या गाडीवाल्याने बैल मोरीकडे वळवले. मी धावत जाऊन जुवाला हात घातला. बैलांचा गरम श्वास तोंडावर येत होता.

खडी फोडणाऱ्या वडारांची म्होरकी बाई जवळच उभी होती. सवयीने मी तिच्यावर ओरडणार होतो. आवाजच फुटला नाही. म्हणून हळू म्हणालो, "बाई, साच्यावर वजन आलं अन् त्यात पाणी लागलं तर कमान ढासळेल. गाडीखाली माणूस सापडेल. मोठे दगड आणून वाट बंद करायची आहे."

तिने नाल्याकडे पाहिलं. "मंग आधी सांगाचं ना जी," ती म्हणाली, आणि तिने टोळीला हाक दिली.

दगडांची ओळ लागली. आमच्या झोपड्यांवरचे बांबूचे तट्टे आम्ही गाडीवाल्यांना कापसावर घालायला दिले, तेव्हा त्यांचा ताठा उतरला. मुनीम मात्र घोड्यावरच बसून राहिले.

दिवस कलायच्या सुमारास पुराबरोबर एक ओंडका आला आणि साच्याच्या खांबावर आदळला. खांब गेला. कमानीच्या पाणी येणाऱ्या बाजूच्या कडेचे दगड एकेक करून पाण्यात पडले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाकीची कमान उभी होती. मुनीम खाली उतरले आणि आपल्या गाड्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला जाताना नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो. उस्ताद घोंगडीत बसले होते. मी दगड पडल्याचं सांगितलं.

"वर कोन होतं?"

"कोणी नाही."

"मंग दगड पुन्हा लावू," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

पुढे मुनिमांची तक्रार साहेबापर्यंत गेलीच. साहेबाने मला उभं करून पुष्कळ विचारलं. मी घाम पुसत उत्तरं दिली. शेवटी त्याने मला अकोल्याजवळच्या एका तुकड्यावर पाठवलं, या वेळी उस्तादांशिवाय, एकट्याच्या जबाबदारीवर. तिथे पहिल्या सकाळी नवी टोळी माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि घसा पुन्हा कोरडा पडला. मी पाणी प्यालो, खाली बसलो, आणि सडकेच्या कडेची नाली आधी का खणायची ते त्यांना सांगू लागलो.