खटखटाटाखालचा आवाज

आमच्या गोडादऱ्यातल्या गल्लीत भिकनइतका कामसू माणूस दुसरा नव्हता. पारोळ्याकडून तरुणपणी इथे सुरतेला आला आणि चौदा वर्षं लूमच्या कारखान्यात उभा राहिला. सहा लूम एकटा सांभाळायचा. शहाण्णव साली डॉक्टरांनी सांगितलं, या आवाजात आणखी दोन वर्षं काढलीस तर उरलेलं ऐकणंही जाईल. त्याने नोकरी सोडली आणि घरी रफूचं काम घेतलं. विणताना कापडात राहिलेला दोष विणणाऱ्यालाच कळतो. एका व्यापाऱ्याने ऐंशी साड्यांचा गठ्ठा दिला. दहा दिवसांत झाला तर पुढचं काम मिळणार, नाहीतर पुन्हा कारखाना.

पण घरी त्याचा हात चालेना. सुई ओवायची, उठून पाणी प्यायचं, साड्यांच्या घड्या रंगाप्रमाणे लावायच्या, पुन्हा सुई ओवायची. पाच दिवसांत आठ साड्या झाल्या. त्याची बायको सुंदरा दारावरून जाणाऱ्यांना सांगे, "आमच्याकडे शेठ येऊन बसलेत. कारागीर अजून यायचाय."

भिकनला वाटलं, आपल्याला लूमच्या खटखटाटाची सवय आहे, शांततेत मन बसत नाही. मी शाळेत मुलांच्या कविता ऐकवायला वापरायचो तो टेपरेकॉर्डर त्याने मागून नेला. जुन्या कारखान्यात सुकदेव नावाच्या सोबत्याच्या लूमवर अर्धा तास स्वतः काम केलं आणि तो आवाज भरून आणला. घरी कॅसेट लावली, आणि खरंच सुई चालू लागली. तीन दिवसांत चाळीस साड्या झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सुंदरा माझ्याकडे आली. म्हणाली, गुरुजी, त्या कॅसेटमध्ये कोणीतरी आहे.

मी जाऊन बसलो. तिने आवाज कमी केला. खटखटाटाच्या खाली एक माणूस हळू बोलत होता, झोपलेल्या लेकराशी बोलावं तसा. "हां, तो धागा. धर. आता बाजूचा." मग थोडा वेळ काही नाही. मग, "आहेस ना?" पुन्हा तसंच थांबणं. मग, "बरं."

भिकनच्या कानांना यातलं काही पोचत नव्हतं. त्याने टेपला कान लावला तेव्हा कुठे ऐकू आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोण आहे हा?" त्याने मला विचारलं.

सुंदरा म्हणाली, "हाऊ आवाज तुमनाच शे."

हा आवाज आपला नाही म्हणून तो मान हलवत राहिला. कारखान्यात तोंडावर फडकं बांधलेलं असतं, चौदा वर्षांत तिथे एक शब्दही बोललो नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. मग कॅसेट काढून माझ्या हातात दिली. त्या दिवशी एकही साडी झाली नाही. संध्याकाळी तो चपला घालून कारखान्याच्या मुकादमाकडे पुन्हा काम मागायला निघाला. बत्तीस साड्या आणि एक दिवस उरला होता.

मी त्याला दारातच अडवलं. माझ्या वर्गात काही मुलं पुटपुटत गणितं सोडवायची. मी त्यांना गप्प करायचो आणि ती अडायची. कारण कळायला मला फार वर्षं लागली. एवढंच त्याला सांगितलं. म्हटलं, तू चौदा वर्षं असाच काम करत आलास. इथेही बोलत बोलत कर.

त्याला लाज वाटली. तरी पहाटे सुई घेऊन बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हां, तो धागा." सुई आत गेली. दिवेलागणीपर्यंत बत्तीस साड्या झाल्या. व्यापाऱ्याने दोन ठिकाणी बोट फिरवून पाहिलं, दोष सापडला नाही, आणि दुसरा गठ्ठा दिला.

आता त्याचं बरं चाललं आहे. मात्र काम करताना मध्येच तो विचारतो, "आहेस ना?" आणि थांबतो, भिंतीकडे मान कलती करून. एकदा सुंदराने थट्टेने "आहे" म्हटलं, तर त्याने हाताने तिला गप्प केलं, दुसरं कोणी बोलत असताना करावं तसं. मग म्हणाला, "बरं," आणि पुढचा टाका घातला.

सुंदरा त्या भिंतीकडे आता साड्या रचत नाही. मी गेलो की मलाही ती तेवढी जागा सोडून अलीकडे बसायला सांगते.