राबाचा सीन

लग्न होऊन मी परभणीकडून धसईजवळच्या गावात आले, त्याच उन्हाळ्यात मी शेजारच्या काकींचा राब विझवला. आमच्याकडे ज्वारी आणि कापूस. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, झाडाचा टहाळ, गवत असं थरानं पसरून, वर माती भुरभुरून तण मरावं म्हणून ते भाजून काढतात, हे मला कुठून माहीत असणार? धूर दिसला. शेत पेटलं म्हणून बोंब मारत मी हंडा घेऊन धावले आणि ओतून मोकळी झाले. काकींनी तो टहाळ रानातून डोक्यावर वाहून आणला होता.

"आगो बये, काय केलास! आग नाय ती, राब हाय! तुमच्याकडं भात काय आभाळातून पडतो?"

मला वाटलं, आता मार बसतो. पण काकींनी मला बांधावर बसवलं, चार वाक्यांत राब समजावला आणि उरलेला भाजायला काडी माझ्याच हातात दिली. त्या गावात मला माणसात घेतलं ते त्या दिवशी.

मी सातवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सोडवली. हजेरीपटावरून नाव कापलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून असेल, पण आपलं नाव कुठंतरी छापलेलं दिसावं ही हाव मला फार. लिहायची माझी रीत ठरलेली: दुपारी भांडी झाली की वही काढायची, आणि त्यातलं सगळं बोलणं काकींना मोठ्यानं वाचून दाखवायचं. "आसा कोन बोलतो गो?" असं त्या म्हणाल्या की पान फाडायचं. अशी माझी एक कादंबरी झाली. राब भाजायचा प्रसंग तिच्या मधोमध आहे. त्यातली बाई नवरा वारल्यावर एकटीनं राब भाजते, बस, एवढंच.

ती वाचून एका दिग्दर्शकानं सिनेमा करायचं ठरवलं. पटकथा मीच लिहावी असंही तोच म्हणाला. शहापूरला हायवेवरच्या हॉटेलात बसून त्यानं मला शिकवलं. "ताई, 'तिला वाईट वाटलं' हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ती काय करते ते लिहा." सातवी शिकलेल्या बाईला इतक्या मानानं कुणी शिकवलं नव्हतं. त्याचे उपकार मी आजही मानते. राग येतो तो म्हणूनच जास्त येतो.

तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, "राबाच्या जागी तिच्या दिराला शेत पेटवू द्या. ती किंचाळत धावते, मागे ज्वाळा. इंटरव्हल!"

"पण राब..."

"प्रेक्षकांना राब कळणार नाही, ताई."

आणि मी मान हलवली. मला भीती वाटली की ही अडाणी बाई अडून बसते म्हणून ते दुसरा लेखक आणतील आणि पडद्यावरचं नाव जाईल. त्याच्यापेक्षा मला माझा राग आला, आणि अजून येतो. घरी येऊन मी तो सीन लिहिला, वर चांगला लिहिला. किंकाळी कुठं थांबवायची, ज्वाळा कधी दाखवायच्या, सगळं त्यानं शिकवलं तसं. ज्या अडाणीपणानं मी हंडा ओतला होता, तोच अडाणीपणा मी टाइप करून पाठवायला निघाले होते.

सवयीनं तो सीन काकींना वाचून दाखवला. काकी बांधावर टहाळाच्या मोळ्या सोडत होत्या. ऐकून हात थांबला.

"मंजे राब पेटवनारा चोर झाला?"

"दीर आहे तो, काकी. सिनेमातला."

"सिनेमा बगून मानसा मलाच इचारतील ना, तुजा राब कोन्त्या दिरानं पेटवला म्हनून." मग मोळीकडे बघतच त्या म्हणाल्या, "तुला काडी कशापाय दिली होती गो मी?"

तिथंच बांधावरून मी दिग्दर्शकाला फोन लावला.

"राबाला आग म्हणून दाखवायचं नाही," मी म्हणाले.

"ताई, परत तेच? लोकांना नाही कळत हो."

"मलाही कळत नव्हतं. एका बाईनं चार वाक्यांत सांगितलं. तुमच्याकडं अख्खा सिनेमा आहे! शहरातल्या माणसाला कळत नाही म्हणून इथल्या माणसानं स्वतःच्या शेताला आग लावायची का?"

"मग मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागेल."

"घ्या. माझं नाव काढा."

बोलून गेले. मग फोन कट झाला.

त्या दुपारी मी सीन नव्यानं लिहिला. राब भाजतोय. परमुलखातून आलेली एक सून हंडा घेऊन बोंबलत येते आणि ओतते. ज्वाळा नाहीत, नुसता चरचरणारा धूर आणि बांधावर उभी म्हातारी. तो सीन मी त्याला पाठवला. आठवडा झाला, उत्तर नाही. काकींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली.

"हंडा भरलेला नव्हता तुजा. अर्धा धावताना सांडलास."

मी लिहिलं, अर्धा हंडा.