भोंगा वाजल्याशिवाय

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय. लॅपटॉप पोटावर घेऊन मी आडवी झालेय आणि पडद्यावरच्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्यात. डावीकडे जुना प्रोग्रॅम, कोबोलमधला, सगळी अक्षरं कॅपिटल. उजवीकडे माझा, जावामधला, अर्धवट. धरणाचे दरवाजे उघडणारा हा प्रोग्रॅम मला जुन्या भाषेतून नव्या भाषेत आणायचाय, आणि मी एका अटीपाशी अडकलेय. नदीकाठचा भोंगा वाजल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही, अशी ती अट. भोंगा कधीचा बंद पडलाय. देवकुळे साहेब म्हणतात, गाळून टाक, नव्या प्रोग्रॅमच्या मागणीपत्रात ती अट आहेच कुठे?

डोळा लागतो न लागतो तोच पायाशी कुणीतरी बसतं. शेणोलीकर मॅडम. हा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला. मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. गेल्या थंडीत त्या गेल्या. मला ते माहीत आहे, तरी मी पाय आखडून त्यांना जागा करून देते.

कुठवर आलीस, असं त्या विचारतात. मी सांगतेय तोवर पलंगाखाली पाणी येतं आणि आम्ही धरणाखालच्या फरशी पुलावर उभ्या असतो, घोटाभर पाण्यात. पलीकडे एक बाई खडकावर गोधडी आपटतेय. मॅडम तिच्याकडे बघत सांगतात, अशीच एक होती. वरून न सांगता पाणी सोडलं. गोधडी खालच्या गावात सापडली, बाई नाही सापडली. त्यानंतर मॅडमनी कुणाला न विचारता ती अट लिहिली. साहेबलोकांनी काढा म्हटल्यावरही काढली नाही. म्हणून निवृत्तीपर्यंत त्यांना भांडारात बसवलं, जिथं कॉम्प्युटरच नव्हता.

"तू काढून टाक," त्या म्हणतात.

मला वाटतं, पाण्याच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"काढून टाक, ऋजुता. तुझी नोकरी अजून कच्ची आहे. माझ्यासारखं भांडारात सडायला नको तुला."

"नाही काढणार."

"मी सांगतेय."

"तुम्ही सांगितलं तरी नाही."

जिवंतपणी मी त्यांना कधी उलटून बोलले नाही. आता पुलाचं आमचं जुनं ऑफिस झालंय, टेबलांखालून नदी वाहतेय आणि माझा आवाज चढलाय. मी म्हणते, पूर आला तर माणसाला हातानं दरवाजा उघडता येतो, ती सोय तुम्हीच ठेवलीय. भोंगा बंद आहे ना, मग भोंगा दुरुस्त करायचा.

"प्रोग्रॅमची भाषा बदलली म्हणून त्या बाईला बुडवायचं का?"

मॅडम खुर्ची ओढून घेतात. माझ्या शेजारी बसतात. त्यांचा पदर भिजलाय.

"लिही तर मग," त्या म्हणतात. "पण नुसती माझी ओळ उतरवू नकोस. तुझ्या भाषेत लिही. उद्या भांडायला तू असशील. मी नसेन."

मी कळफलकावर हात ठेवते आणि जागी होते.

ऊन भिंतीवरून खाली सरकलंय. पडद्यावर, उजवीकडे, माझ्या प्रोग्रॅमच्या मधोमध एक ओळ उमटलीय. सगळी कॅपिटल अक्षरं, शेवटी पूर्णविराम. तीच अट, कोबोलमध्ये. ती भाषा मला वाचता येते, लिहिली मात्र मी कधीच नाही. नव्या भाषेला ती कळत नाही, त्यामुळे खाली लाल रेघ आलीय.

मी ती पुसत नाही. तिच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारते. आता यंत्र ती ओलांडून जाईल, माणसाला मात्र दिसेल. तिच्याखाली ती अट मी माझ्या भाषेत लिहिते, चालवून बघते, बरोबर चालते.

मग साहेबांना मेसेज करते, "अट ठेवलीय. भोंगा दुरुस्त करून घ्या."